खरखर तेवढी राहिली आहे

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा! बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली पाहिली आणि सगळा शीण पळाला. दुसरा मजला, दोन खिडक्या, ऐसपैस टेबल. घरमालकीण बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. मला ‘मिस्त्री’ म्हणतात. चहा घेणार का विचारत नाहीत, समोर आणून ठेवतात. अशी गिऱ्हाइकं भेटायला पूर्वपुण्याई लागते.

आणि रेडिओ! सहा व्हॉल्व्हचा, सागवानी पेटीचा, दोघांनी उचलावा असा. पाठ उघडली तर आत बोटभर धूळ, कंडेन्सर सुकलेले, वायरींचं रबर हात लावताच भुगा. चार दिवसांचं काम. बाई म्हणाल्या, हा गप्प झाला की घर खायला उठतं, बोलणारं कोणीतरी हवं. बायकोला आठवा महिना लागलाय. शनिवारी संध्याकाळी दारात हजर असेन, असं तिच्या पोटावर हात ठेवून कबूल करून आलोय. शब्द मोडला तर माझी धडगत नाही.

पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पाच नावं लिहिलेली आहेत. आमच्या धंद्यातली रीतच आहे ती, सेट दुरुस्त करणारा आत सही करून जातो. पण मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम कडक: मालकाने ऐकून ‘छान’ म्हटल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. पाचवं नाव वाचून उडालोच. आमचा डावरा! उस्तादांचा थोरला शागीर्द, दातांतून शीळ घालत काम करायचा. नऊ वर्षांपूर्वी कामाला म्हणून कुठेतरी गेला तो गेलाच, घरी साधी एक ओळ नाही. बाईंना विचारलं, तर त्यांना नीटसं आठवेना. म्हणाल्या, तुम्हीही आताच लिहून टाका, जाताना घाईत राहून जातं. म्हटलं, माझ्या हाताखालून सेट मुका गेलाय कधी? लिहिलं नाव. उस्तादांनी पाहिलं असतं तर कान उपटला असता.

बुधवार, ६ मार्च

कालचा दिवस साफसफाईत आणि कंडेन्सर बदलण्यात गेला. आज वीज दिली. जुन्या सेटला थेट वीज द्यायची नसते, मध्ये एक बल्ब जोडायचा. बल्ब भगभगीत पेटला तर आत घोटाळा, मंद पेटला तर खुशाल पुढे जायचं. मंद पेटला.

काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. एकच स्टेशन लागतं. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. कोणी खोकतंय, कोणी खुर्ची सरकवतंय, पक्कड टेबलावर ठेवल्याचा आवाज. एखादं वर्कशॉप असावं. मजाच वाटली. सेट बंद केला की आवाज पटकन जात नाही, व्हॉल्व्हच्या तापलेल्या काचा निवेपर्यंत विरत जातो. त्या विरण्यात कोणीतरी ‘नको’ म्हणाल्यासारखं वाटलं. तपासायला म्हणून दिवसभरात बारा वेळा चालू-बंद केला. दरवेळी तेच.

गुरुवार, ७ मार्च

आज रेडिओत शीळ ऐकली. दातांतून घातलेली. डावऱ्याचीच.

हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडला. जमिनीवर आवाज झाला नाही, रेडिओतून झाला. टेबलावर टकटक केलं, तीही रेडिओतून आली. बाईंना हाक मारली. त्या वर आल्या, माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ रेडिओपाशी गेल्या आणि कान लावून म्हणाल्या, आता येतंय हं नीट.

मला इथे थांबायचं नाही. काम अर्धं राहिलं तरी चालेल. उद्या सकाळची पहिली बस.

शुक्रवार, ८ मार्च

बस नाही. जिना उतरलो. दोन मजले, सोळा-सोळा पायऱ्या, मोजल्या. शेवटची पायरी उतरलो आणि समोर हेच टेबल. चार वेळा उतरलो.

सकाळी नऊ वाजता बाईंनी येऊन सेट बंद केला. अंधार झाला. उजेड आला तेव्हा घड्याळात दुपारचे चार. मधलं काहीच नाही. झोप नव्हती ती — झोपेत निदान माणूस असतो.

बुधवारी मी त्या आतल्यांना बारा वेळा —

शनिवार, ९ मार्च

डावरा शेजारीच कुठेतरी आहे. दिसत नाही. म्हणाला, त्यानेही काम व्हायच्या आधीच सही केली होती. बाईंच्याच सांगण्यावरून. पाचही जणांनी.

रबराने नाव खोडलं. गेलं नाही. ब्लेडने खरवडलं, लाकडाचा थर निघाला — खाली माझंच नाव. आणखी खोल. तिथेही.

साडेपाचची बस गेली. खिडकीतून दिसली. बायको दारात उभी असेल.

रविवार, १० मार्च

खाली आवाज. तिचा! एवढ्या पोटाने बसमध्ये बसून आली. बाई सांगतायत, मिस्त्री कालच निघाले की, काम छान केलं, थोडी खरखर तेवढी राहिली आहे. ती म्हणते, ते असे परस्पर कुठे जायचे नाहीत —

जिना चढतेय. माझी पिशवी बघायला —

आली. तीन पावलांवर. थकलीय. चप्पलही काढली नाहीये. मी ओरडतोय, अगं मी इथे आहे, इथे — रेडिओतून नुसती किंकाळी निघते. तिने कान झाकले. पोटावर हात ठेवला. पोरगं दचकलं म्हणते —

बाईंना म्हणाली, आधी हे बंद करा हो. बाई म्हणाल्या, तूच कर बाळ, डावीकडचं बटण.

हात पुढे केला. अगं मी आहे. ऐक. बांगड्या दिसतायत — मी आहे — नको — नको न