जिमच्या भिंतीवरचा चेहरा

प्रिय आर्व्हेला,

आपल्या शाळेच्या संघाचं ‘रेडस्किन्स’, म्हणजे ‘लाल कातडीवाले’, हे नाव अखेर गेलं. आता पोरं ‘ससाणे’ म्हणून खेळणार. शाळा मंडळातल्या सातही जणांनी हात वर केले, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ते नाव म्हणजे शिवी आहे, असं आपण ओजिब्वे आदिवासी तीस वर्षं सांगतोय. तेव्हा तोंडावर दार लावणाऱ्यांना एका बैठकीत उपरती कशी झाली?

मंगळवारी ड्वेन हॅल्वर्सन घरी आला. शाळेत असताना सामन्यांत आपली नक्कल करत पिसांचा टोप घालून मैदानभर नाचायचा, तोच. आता मंडळाचा अध्यक्ष आहे. बायकोने केलेला ब्लूबेरीचा केक घेऊन आला होता. मी त्या केकला हात लावला नाही. ‘डेल्फीन, पुढच्या शुक्रवारी सामन्याआधी तुमच्या घरातलं कुणी दोन शब्द बोललं तर बरं दिसेल,’ म्हणाला. ‘कुणाला बरं दिसेल?’ मी विचारलं. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि निघाला.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून मी जिममध्ये गेले. वाटलं, भिंतीवरच्या संघाच्या चिन्हावर, त्या मोठ्या नाकाच्या चेहऱ्यावर वरवर रंग फासला असेल. पण तो खरवडून काढला होता, पार सिमेंटपर्यंत. मग कोठीत जाऊन जुन्या गणवेशांची खोकी उघडली. रिकामी. सफाईवाला एर्विन मागून म्हणाला, ‘काय शोधतेस? ड्वेनने स्वतः कापून फडकी केली. कात्री तुझ्याच स्वयंपाकघरातून नेली होती.’

तरी संशय जाईना. याचा डाव काय, म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग काल भांडी घासताना कळलं, की मला भीती ड्वेनची नाहीच.

शाळेत असताना तू एकटी त्या नावाविरुद्धचा फलक घेऊन जिमच्या दाराशी उभी राहिलीस, त्या दिवशी गर्दीने तुझ्यावर बर्फाचे गोळे फेकले. तुझी भुवई ज्याने फुटली तो गोळा मी फेकला होता. आत खडा आहे हे मला माहीत होतं. मला मैत्रिणींत राहायचं होतं, दुसरं काही कारण नाही. महिन्याभरात तू मिनियापोलिसला निघून गेलीस. आपली आई मरेपर्यंत विचारत राहिली, पोरगी का गेली, आणि मी गप्प बसले. शुक्रवारी बोलणाऱ्यांच्या पत्रकावर माझं नाव आलंय, आणि त्यापुढे ‘लढलेल्या घरातली’ असं छापलंय. ते नाव खोडायला मी उद्या ड्वेनकडे जातेय, आणि का ते त्याला सांगणार आहे. त्याच्या आधी तुला कळायला हवं होतं.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
डेल्फीन