दारफळणीच्या दिवशी उघडं दार

बाबा, तुम्हाला लिहायचं तर पाठवायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि तुम्ही त्यावर हसला असतात, कारण मेलेल्या माणसाचा पत्ता उरतो असं तुम्ही मानत नव्हता. बुलढाण्याच्या कचेरीत असो की मोताळ्याच्या बाजारात, तुम्ही ते तोंडावर सांगायचात. देव नाही, आत्मा नाही, मेला तो मेला. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही सडकांचे ओव्हरसियर, आणि अख्ख्या जिल्ह्यात बेने इस्राएलांचं घर बहुधा आपलं एकट्याचं. लोकांना आपण कोण ते कळायचंच नाही. मुसलमान का? नाही. मग किरिस्ताव? तेही नाही. यहुदी, असं तुम्ही सांगायचात आणि लगेच पुढे, "पण देव मानणारा नाही." समोरच्याच्या हाती जे काही लागलेलं असे तेही निसटायचं.

आईचा दारफळणीचा सण मला अजून दिसतो. पावसाळा सरत आलेला असतो, क्वार्टरच्या मागे ज्वारी उभी असते. उन्हं कलायच्या आत ती आम्हाला जेवायला घालते, अंघोळ करून पांढरं नेसते, आणि मग दाराच्या दोन्ही फळ्या लागतात. दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत उपास, पाणीसुद्धा नाही, दार उघडायचं नाही, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. त्या दिवशी घरची गेलेली माणसं येऊन बसतात, असं आई म्हणायची. शिळ्या सणाला, म्हणजे त्याच्या पुढच्या दिवशी, ती जातात, म्हणून तेव्हा दारात येईल त्याला काहीतरी खायला द्यायचं. तुम्ही उपास करत नव्हता. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून आदल्या दिवशीची पोळी खायचात. पण कपडे पांढरे घालायचात, आणि दाराला अडसर तुम्ही स्वतः लावायचात.

एका वर्षी राजूर घाटातल्या कामावरचा मुकादम दार वाजवत राहिला. "साहेब, हाव का घरात?" आईने ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतलेत, जणू पाय दिसले तर चोरी पकडली जाईल. पुढच्या बाजाराला तुम्ही मला मोताळ्याला नेलं होतंत, तिथे त्याने तुम्हाला गाठलंच.

"त्या दिशी घरातच होते ना साहेब? मंग दार काऊन नाही उघडलं?"

"आमचा सण होता."

"आता घ्या. देव नाही म्हन्ता अन् सन करता?"

"सण माझ्या बापाचा आहे."

"तुमचं समदं उलटंच हाय. आमी देव ठेवतो अन् सन इसरतो."

तुम्ही इतके हसलात की भाजीवाल्या बाया वळून बघू लागल्या. मी मात्र लाजून तुमच्या कोटामागे लपले होते.

पुढे तुम्ही मला दूरच्या कॉन्व्हेंटात घातलंत. माझं इंग्रजी चांगलं व्हावं, एवढाच तुमचा हेतू. तिथे सिस्टरनी एकदा वडिलांबद्दल विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना तुमच्यासाठी प्रार्थना करायला लावली. मीही केली. ती आपल्या देवाची होती की त्यांच्या, हे मला कळत नव्हतं. एवढं कळत होतं की तुमच्यामुळे मला मान खाली घालावी लागली.

आई ज्या उन्हाळ्यात गेली, त्याच वर्षी दारफळणीला मी घरी होते. सोळा-सतरा वर्षांची. तुम्ही पांढरा सदरा घालून अडसर उचललात, आणि मी म्हणाले, "आई नाही आता. देव तुम्ही मानत नाही. मग हे कुणासाठी?" तुम्ही अडसर घेऊन दाराकडे वळलात. म्हणून मी आणखी बोलले. म्हणाले, एक तर देव आहे म्हणा, नाहीतर दार उघडं ठेवा, याला ढोंग म्हणतात. तुम्ही दारापाशी थांबलात. मग अडसर भिंतीला टेकवून ठेवलात. "बरोबर आहे तुझं," म्हणालात, आणि सकाळी दोन्ही फळ्या सताड उघडून, त्याच पांढऱ्या कपड्यांत ओसरीवर जाऊन बसलात.

मुकादम आला. "साहेब, आज दार उघडं?"

"पोरीनं उघडलं."

"बरं केलं. हवा येते."

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. त्या दोन्ही वर्षी दारफळणीला आपलं दार उघडं होतं. मी जिंकले असंच मला वाटत होतं. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि एकदा दारफळणीला माझ्या घरचं दार लावताना हातातला अडसर तसाच राहिला. मी तुम्हाला दार उघडायला लावलं त्या वर्षी, येऊन बसणाऱ्या माणसांत आई पहिल्यांदाच असणार होती. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही मानत नव्हता, पण माहीत होतं. आणि तरी मी ढोंग म्हटल्यावर तुम्ही दार उघडलंत.

आज मी तुम्हाला लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. आता मी मुलाकडे पुण्यात असते. काल शुक्रवारचा दिवा लावल्यावर जेवताना माझी नात म्हणाली, "मला नाही वाटत देव आहे." अगदी सहज, आमटी वाढून घेता घेता. माझा मुलगा चिडला. "हे बाहेर बोललीस तर लोक काय म्हणतील? आई, तू सांग हिला."

मी म्हणाले, "आपल्या घराण्यात असं कुणी कधी बोललेलं नाही."

"कुणीच नाही, आजी?"

"कुणीच नाही."

तिने मान खाली घालून भात कालवला. तिची हनुवटी तुमच्यासारखी आहे. तुमच्याबद्दल तिला एवढंच माहीत आहे की तुम्ही सडका बांधायचात.

तिला मी खरं सांगायला हवं होतं, तुमचं आणि माझंही. कारण दार मी अजून दर वर्षी लावते, उपासही धरते, बायका मला धार्मिक म्हणतात, आणि आत कुणी येऊन बसत नाही, वरही कुणी नाही, हे मला कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. हे मी कुणापाशी बोललेले नाही. तुम्ही जिवंत असतात तर तुमच्यापाशीही बोलले नसते, बाबा. तुम्ही आनंदाने बाजारभर सांगितलं असतंत.