प्लायवुडपलीकडचा वेल्डर

चिरंजीव पाळकसाहेब यांस (धाकटा भाऊ म्हणून चिरंजीव, झग्याला मान म्हणून साहेब) थोरल्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझा घसा आणि तुझ्या चर्चची मंडळी दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. माझे गुडघे ठीक नाहीत, पण त्यांची चौकशी तू कधी करत नाहीस, तेव्हा पुढे जातो.

मागच्या खेपेला तू उपदेशात म्हणालास की सुवार्तेसाठी समुद्र ओलांडायला नको, आपला उंबरा ओलांडला तरी पुरे. आमच्या उंबऱ्यापलीकडे एक निवृत्त वेल्डर राहतो, एकटा आणि तोंडाचा फटकळ, हे तुला कुठून ठाऊक असणार? मी पत्रक घेऊन गेलो. त्याने ते घेतलं आणि दार लावलं. पुढे ते मला त्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली दिसलं (टेबल तेवढं स्थिर झालं होतं). मग ठरवलं, याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, थेट वरच बोलावं. रोज संध्याकाळी शिलाई मशीन झाकलं की मी मोठ्याने प्रार्थना करायचो, की प्रभू, या माणसाचा रेडिओ आवर. काही दिवसांत रेडिओ थंडावला. मग जिन्यातल्या बुटांचा विषय काढला, बूट आत गेले. माझा विश्वास इतका वाढला की आमचा गळका नळही प्रार्थनेत घातला, आणि सकाळी वेल्डर पाना घेऊन दारात हजर. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट प्रभू माझं सगळं ऐकतो अशी मी भर उपासनेत साक्ष दिली आणि तू ती मंडळीच्या मासिकात छापलीस. त्याच्या आणि आमच्या खोलीमध्ये भिंत नाही, रंग दिलेलं प्लायवुड आहे, हे भाडं भरणाऱ्या मला माहीत होतं. प्रार्थना करणाऱ्या मला नव्हतं.

मग तुझ्या वहिनीचं दुखणं वाढलं. फोनवर मी तुला नुसता अशक्तपणा म्हणालो. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. त्यानंतर प्रार्थनेत दुसरा विषयच उरला नाही, आणि आवाजही ताब्यात राहिला नाही. एका संध्याकाळी मध्येच दार वाजलं. वेल्डर होता. खाली बघत म्हणाला, "भाऊ, रेडिओ बंद केला, बूट आत घेतले, नळ केला. पण हे काही मला जमायचं नाही हो."

मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. मी त्याला आत घेतलं आणि खुर्ची दिली. आता तो रोज येतो. तुझी वहिनी त्याच्या हातून चमचा चमचा पाणी पिते, माझ्या हातून नाही (मी घाई करतो म्हणे). सुवार्तेचं एक अक्षर मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सवड होत नाही, आणि खरं सांगायचं तर तोंडही होत नाही.

तुझा,
दादा

ता. क. मासिकातली ती साक्ष मागे घे. किंवा राहू दे, रेडिओ बंद झाला हे तर खरंच आहे.

आणखी एक. तू ये. हेच आधी लिहायचं होतं, गुडघ्यांत अडकलो. लवकर आलास तर भेट होईल. प्रार्थना करशील तेव्हा आजाऱ्याजवळ करतोस तशी हळू करू नकोस. घरच्या माणसांत आपण नको म्हणून वेल्डर त्या वेळी आपल्या खोलीत जातो आणि प्लायवुडला टेकून बसतो. परवा माझा आवाज मध्येच गेला, पुढे बोलवेना. थोडा वेळ थांबून त्याने पलीकडून हळूच टकटक केलं, मी पुढे बोलावं म्हणून.