बर्फात पुरलेली नळी

प्रिय निलेश,

'प्रिय' लिहायची सवय सहा वर्षांत मोडली नाही म्हणून लिहिलं. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. आंबा यंदा बरा आहे, बाबांचे गुडघे तसेच आहेत, आणि मागच्या महिन्यात मुंबईत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. टाके सुकले. रक्त काही वाहत राहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबेना, म्हणून डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली. रक्त गोठवायला मदत करणारं फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन असतं, ते किती आहे बघायची. रक्त तूच काढलंस, तुझ्याच लॅबमध्ये. मुंबईला पोचेपर्यंत खराब होऊ नये म्हणून मिरकरवाडा बंदरावरच्या तुमच्या बर्फाच्या कारखान्यातून मासळीसाठीचा बर्फ आणलास आणि नळी त्यात गळ्यापर्यंत पुरलीस. बर्फात ठेवलेलं कधी बिघडतं का, म्हणालास. मला केवढं कौतुक वाटलं होतं. पापलेटाची आणि माझी सारखीच काळजी.

रिपोर्ट आला अठ्ठावीस टक्के; पन्नासच्या वर हवं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तपासू. तुझ्या आईंना तेवढी सवड नव्हती. 'असली पोर बाळंतपणात हातची जायची, आमच्याकडं नको हो ती,' असं त्या आमच्या ओटीवर बसून म्हणाल्या आणि तू चपलांकडे बघत राहिलास. ठरलेलं लग्न मोडलं. मग मीही पुन्हा तपासलं नाही. कुणासाठी तपासायचं?

ऑपरेशनआधी मुंबईत दोनदा तपासलं. रक्त तिथेच काढलं आणि लगेच यंत्रात फिरवून त्यातला पातळ द्रव वेगळा केला. ब्याऐंशी, मग एकोणऐंशी. दाढेचं रक्त मी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी वाहिलं असेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, पहिली नळी बर्फात होती का? न फिरवलेलं रक्त बर्फात ठेवलं की हे प्रथिन नळीतल्या नळीत कमी होतं म्हणे. मी तिथेच खूप रडले, रागाने.

अपूर्वाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरत आलंय आणि थोरलीच्या रक्तात दोष आहे हे राजापूरच्या पाहुण्यांच्या कानावर गेलंय. कुणी घातलं ते विचारत नाही. नवा रिपोर्ट त्यांना पटत नाही. मुंबईत काय वाटेल ते लिहून मिळतं, म्हणतात. म्हणून तुझा नंबर त्यांना दिलाय. रविवारी फोन येईल. नळी बर्फात मीच ठेवली, चूक माझी, एवढं सांग. आणि फोन उचलू का, हे आईंना विचारत बसू नकोस.

एकेकाळी तुझीच,
रसिका