मृणालच्या ओढणीवरचा माइक

गुरु., ४ डिसें.
दोन्ही कानांत नवी यंत्रं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातून परतताना रिक्षावाल्याने घसा खाकरला, तोही ऐकू आला. घरी आल्यावर कुकरची धुसफुस. शिट्टीच्या आधी असं काही असतं हे विसरूनच गेलो होतो. हे सगळं मृणालमुळे. सून आहे (सूनबाई म्हणायचं नाही असा तिचा हुकूम), पण यंत्रासाठी मुलापेक्षा तीच मागे लागली. नितीन आपला, "बाबा, बघू पुढच्या महिन्यात."
सोबत एक चिमुकला माइक मिळालाय, कपड्याला अडकवायचा. जो लावेल त्याचा आवाज थेट माझ्या कानांत, मधे भिंत असली तरी. मृ.ने तो ओढणीला लावला आणि स्वयंपाकघरातून माझ्या जपून ठेवलेल्या पाचवीच्या पुस्तकातली कविता वाचली. मी मागच्या खोलीत पलंगावर. शब्दन् शब्द आला. देवळालीच्या शाळेत असताना लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरायच्या. गुरुजी ओळीच्या मधेच थांबायचे आणि धडाम् विरलं की बरोबर त्याच अक्षरापासून पुढे म्हणायचे. आम्ही चाळीस पोरं श्वास रोखून. आज तसंच वाटलं. मधे इतकी वर्षं नुसता धडाम् होता, आणि ओळ आता पुढे सुरू झाली.
हिच्या, नितीनच्या आईच्या, शेवटच्या वर्षांत मला वाटायचं, ही फार चिडकी झालीय, सारखी ओरडते. ती ओरडत नव्हती. मला ऐकू यावं म्हणून…

शुक्र., ५ डिसें.
काल एक लिहिलं नाही. लिहून टाकतो.
कविता संपली आणि मृ.चा फोन वाजला. सिन्नरहून तिच्या आई. माइक ओढणीलाच. "आई, पुण्याचं पत्र आलं ऑफिसातून. मॅनेजर करतायत… नाही, नितीनला अजून नाही बोलले, तूच पहिली… नाही म्हणणार आहे गं. बाबांना या वयात इथून हलवणं म्हणजे…" मग ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि कानात नुसती खरखर.
यंत्र कानातून काढता आलं असतं. काढलं नाही.
माझ्यापायी पोरगी बढती सोडतेय. तिला कसं सांगू? सांगितलं तर ऐकलं हे कळेल. नाही सांगितलं तर ती नकार कळवून मोकळी होईल.

रवि., ७ डिसें.
युक्ती केली. जेवताना सहज म्हटलं, "पुण्याची हवा बरी म्हणतात हल्ली." नितीन म्हणाला, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, "आयुष्यभर नाशिकच बघितलं. माणसाने थोडं दुसरीकडेही राहावं. मला तर आवडेल बुवा पुण्याला." मृ.चा हात भाताच्या पातेल्यात तसाच थांबला.
आपण फार हुशार असं वाटलं. छान झोप लागली.

सोम., ८ डिसें.
सकाळी मृ. चहा देताना: "बाबा, हे फोन खरंच ऐकतात हो. मी एक गोष्ट फक्त आईशी बोलले आणि घरात त्याचीच चर्चा. तुमच्या फोनवर पुण्याचं काही दाखवतायत का?"
मी म्हटलं, "दाखवतात काहीबाही."
असं का म्हणालो? चहा गार होईपर्यंत हातात धरून बसलो.

मंगळ., ९ डिसें.
बागेत आमच्या म्हाताऱ्यांची सभा. नेमका हाच विषय. बोराडे तावातावाने, "मी घरात नुसतं गुडघा म्हटलं, आणि फोनवर तेलाच्या जाहिराती! न सांगता ऐकतात म्हणजे काय? दार वाजवायची रीत नाही?" कुलकर्णी म्हणाले, "ऐकत नाहीत हो. तुम्ही दिवसभर गुडघ्याचेच व्हिडिओ बघता, त्यावरून ताडतात." त्यावर बोराडे, "ताडतात म्हणजे तर आणखी वाईट! ऐकलं तर निदान मी बोललो ते तरी कळेल. ताडलं तर माझं सगळं चुकीचंच ठरवतील." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही का गप्प? आता तर ऐकू येतं ना?"
मी म्हटलं, थंडी फार आहे.

बुध., १० डिसें.
दवाखान्यात यंत्र जुळवून घ्यायला गेलो. तिथल्या बाईंनी ते संगणकाला जोडलं आणि म्हणाल्या, "काका, दुपारी काढून ठेवता ना? आणि टीव्हीचा आवाज अजून मोठाच असतो." मी दचकलो. कुणी सांगितलं? "यंत्रच नोंद ठेवतं. जुळवायला सोपं जातं. कंपनीकडेही थोडी माहिती जाते. मोबाइलवर संमती दिलीय तुम्ही." मी कधी दिली? मग आठवलं. नितीन माझ्या फोनवर पटापट 'मान्य, मान्य' दाबत होता आणि मी खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे बघत होतो.
राग आला. माझी दुपारची झोप कंपनीला कशाला? पण बाईंनी पडदा माझ्याकडे फिरवला, काय काय दिसतं ते एकेक दाखवलं आणि विचारलं, "काय ठेवू, काय बंद करू? तुम्ही सांगाल तसं." इथली नोंद ठेवली, कंपनीकडे जाणारी बंद केली. बाईंचे मनापासून आभार मानले. त्यांना वाटलं, म्हातारा कशावरही गहिवरतो.
परतताना बसमध्ये एकच विचार. मला राग आला तो ऐकल्याचा नाही, न सांगण्याचा.
तरी आज सांगितलं नाही. मृ. उशिरा आली, दमली होती… कारणं मिळतात.

शुक्र., १२ डिसें.
दुपारी सिन्नरहून विहीणबाईंचा फोन. रडवेला आवाज. "भाऊ, मृणाल माझ्याशी बोलंना. म्हणते, फोनबिन काही ऐकत नाही, तूच सांगितलं. काय सांगितलं, कोणाला सांगितलं? मी कोणापाशी बोलले नाय हो. वावरात फ्लॉवर काढायचं चाललंय, मला कुठं येळ? देवाशप्पथ, भाऊ."
मी म्हटलं, "ताई, तुमची काही चूक नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?"
मी फ्लॉवरचा भाव विचारून विषय बदलला. दोन दिवसांपासून मृ. आईला फोन करत नव्हती, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी फोनवर खापर फुटू दिलं. फोनचं काही गेलं नाही. ते घरंगळत जाऊन बिचाऱ्या माउलीवर फुटलं.

शनि., १३ डिसें.
सांगितलं. सकाळी, ती पोळ्या करत असताना. आठवतं तसं:
"मृणाल, आईला बोल लावू नकोस. मी ऐकलं. माइक तुझ्या ओढणीला होता."
"पहिल्याच दिवशी?"
"हो."
"आणि मी फोनला नावं ठेवत होते तेव्हा?"
"मी काही म्हणालो नाही. तूच म्हणालीस, मी गप्प बसलो."
"गप्प कुठे बसलात? म्हणालात, दाखवतात काहीबाही."
तव्यावरची पोळी करपली. तिने गॅस बंद केला, आईला फोन लावला, "आई, चुकले गं" एवढं म्हणाली आणि मग, "थांब, गच्चीवर जाते."
करपलेली पोळी मीच खाल्ली.

रवि., १४ डिसें.
मृ.ने काल नितीनला पुण्याचं सांगितलं. तो सकाळी माझ्यापाशी येऊन, "काय बाबा, हेरगिरी?" हसत म्हणाला, पण लागलं. लागायलाच हवं.
घरात आता फोन आला की ती उठून बाहेर जाते. मी यंत्रं काढून टेबलावर ठेवतो, तिला दिसतील अशी. तरी जाते. बरोबरच आहे. पोरीला स्वतःच्या स्वयंपाकघरात मोकळं बोलता येत नाही, हे माझं करणं.
एक मात्र लिहून ठेवतो. काल इतकं होऊनही यंत्रं चार्जिंगला तिनेच लावली. मी विसरलो होतो. सकाळी डबीवरचा हिरवा दिवा दिसला. या पोरीचं देणं कुठल्या जन्मी…

मंगळ., १६ डिसें.
बागेत पुन्हा तोच विषय. या वेळी बोललो. यंत्राची नोंद, संमती, दवाखान्यातल्या बाई. माझंही सांगितलं, नावं न घेता. बोराडेंनी कानटोपी वर सारून ऐकलं. मग, "म्हणजे तुम्हीच फोन निघालात की हो!" दिवसभर हसू येत होतं. रडूही.

गुरु., १८ डिसें.
संध्याकाळी मृ. ऑफिसातून आली, पर्स ठेवली आणि थेट माझ्या खोलीत. माइकशिवाय, समोर उभी राहून, "बाबा, तुम्ही अर्धंच ऐकलंत."
म्हटलं, म्हणजे?
"गच्चीवर गेल्यावर काय बोलले ते कुठे ऐकलंत? आईला म्हटलं, जावं की नाही मलाच कळत नाही. नवं शहर, हाताखाली पंधरा माणसं, भीती वाटते. म्हणून बाबांचं नाव सांगणार आहे. घरी म्हातारं माणूस म्हटलं की ऑफिसात कुणी पुढे विचारत नाही."
म्हणजे माझ्यापायी बढती सोडत नव्हती! दोन आठवडे मी त्यागाच्या कल्पनेने डोळे पुसतोय आणि इथे मी नुसतं निमित्त. इतकं हसू आलं की ठसका लागला. म्हटलं, "सांग की खुशाल. माझं नाव कुणाच्या कामी येतंय, चांगलंच आहे."
"आता कसं सांगू? तुम्ही तर जेवताना जाहीर केलंत, पुण्याला आवडेल बुवा!"
दोघंही हसलो. मग तिचं हसू ओसरलं. सोमवारी उत्तर द्यायचंय. नितीन म्हणतो, तूच ठरव. आई म्हणते, तूच ठरव.
"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"
इतक्या दिवसांत मी तिच्या वतीने किती ठरवून बसलो होतो, आणि विचारलं तिने आज. ओठांवर आलं होतं की जा, नक्की जा. आवरलं.
म्हटलं, "आधी तू सगळं सांग. कशाची भीती वाटते तिथपासून."
तिने खुर्ची ओढली, माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला.