वरची गल्ली, खालची गल्ली आणि माझे खेळ

१० एप्रिल. सकाळ.
बिश्केकहून ट्रेनिंग करून परतलो. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. आजपासून मी पीटीचा मास्तर नाही, समाज-संघटक आहे. काम सोपं. वरच्या गल्लीला आणि खालच्या गल्लीला एकत्र बसवायचं आणि दोघांसाठी मिळून एकच पाटकरी, म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावून देणारा, निवडायला लावायचं. महिनाअखेर जमलं तर मला ट्रेनिंगला पाठवणारं ऑफिस पाटाचं फुटकं दार दुरुस्त करून देणार आणि मला कायम करणार. नाही जमलं तर दार शेजारच्या गावाला आणि मी परत शाळेत. पण न जमायला काय झालं? मोठी माणसं खेळली की मोकळी होतात. ट्रेनिंगमध्ये आम्ही सगळे खेळलो. सगळ्यात मोकळा मीच झालो.
संकल्प: आवाज चढवायचा नाही. शिट्टी न्यायची नाही.

१३ एप्रिल.
पहिली मिटिंग. शिट्टी नेली, पण फक्त सुरुवातीपुरती.
खेळ असा, की ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. खालच्या गल्लीच्या झूरा एजे (एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई) म्हणाल्या, अरे मार्लेन, तुझी नाळ कापली मी, आणि आता मलाच नाव विचारतोस होय? हसून घेतलं. म्हातारी माणसं बदलाला घाबरतात.
मग चेंडू नुरिपाकडे आला. नुरिपा माझी बायको. समोर सागिनबाय काका, माझे सख्खे चुलते, वरच्या गल्लीत सगळ्यांत थोरले. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण वर्तुळात सगळे सारखे, असं ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलंय. मी म्हटलं, घे गं नाव, लाजतेस काय. दोनदा म्हटलं. तिनं चेंडू काकांच्या पायाशी ठेवला, वाकली आणि निघून गेली. तिच्यामागोमाग दोन्ही गल्ल्यांमधल्या सगळ्या सुना.
एकत्र गेल्या, ही जमेची बाजू.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
नुरिपा बोलत नाही. दमली असेल.

१७ एप्रिल.
दुसरा खेळ. प्रत्येकानं आपल्याबद्दल दोन गोष्टी खऱ्या सांगायच्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. खालच्या गल्लीचा काचकिन उठला. म्हणाला, माझी गाय व्यायली. माझा गुडघा दुखतो. आणि वरच्या गल्लीनं गेल्या उन्हाळ्यात माझं पाणी चोरलं नाही.
खालच्या गल्लीनं खोटं ताबडतोब ओळखलं. वरची गल्ली म्हणाली, गुडघ्याचंच खोटं, रात्री पाटाचं दार फोडायला बरा पळत आला होतास. पुढे खुर्च्या उचलल्या गेल्या. ऑफिसला कळवलं, चर्चा मोकळी झाली.

२० एप्रिल.
लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, म्हणजे आपण कसे एका धाग्यात आहोत ते दिसतं. झूरा एजेंनी धागा बोटांत चोळून पाहिला, म्हणाल्या, फसवलं तुला बाजारात, आणि नातवाचे मोजे विणायला घरी घेऊन गेल्या.
कमी लोक आले होते. हवा खराब होती. ऊन होतं म्हणजे, पण खराब.

२४ एप्रिल.
आज विश्वासाचा खेळ. डोळे बांधून दुसऱ्याच्या सांगण्यावर चालायचं. कोणी तयार होईना, म्हणून मी माझेच डोळे बांधले. काकांनी वरच्या गल्लीतर्फे सांगायचं, काचकिननं खालच्या गल्लीतर्फे. काका म्हणाले, सरळ. काचकिन म्हणाला, बरोबर, सरळच. पहिल्यांदाच दोघांचं एकमत! मला भरून आलं. मी ताठ मानेनं चाललो.
पाटात गुडघ्याएवढा चिखल आहे.
सगळं गाव हसत होतं. पट्टी काढली तर झूरा एजे काकांच्या खांद्याला धरून डोळे पुसत होत्या. हात मात्र कोणी पुढे करेना. नुरिपाही हसत होती. माझ्याशी नाही, पण हसत होती.

२९ एप्रिल.
काकांनी मेंढी कापली. दोन्ही गल्ल्यांना उद्या बोलावणं आहे. मला निरोप आला नाही, गडबडीत राहून गेला असणार. नुरिपाला मात्र काका स्वतः येऊन सांगून गेले. बरंच झालं. फुग्यांचा नवा खेळ आहे, त्याची तयारी करता येईल. अजून एक दिवस हातात आहे.

३० एप्रिल. संध्याकाळ.
नुरिपा आत्ता परत आली. बोलली. पाटकरी ठरला. काचकिन. नाव काकांनीच सुचवलं. मी विचारलं, कोणता खेळ घेतला? म्हणाली, खेळ कसला, आधी सगळ्यांनी आळीपाळीनं तू पाटात कसा पडलास ते करून दाखवलं. मग चहा झाला, मग पाण्याचं बोलले.
ऑफिसला गावकऱ्यांनीच फोन लावला. लगेच मला फोन आला. अभिनंदन केलं. दार मंजूर. गावाचं आपसात जमतंय तर आता संघटकाची गरज नाही म्हणाले.
नुरिपानं माझा वाटा आणला होता. मेंढीचं डोकं काकांनी वाटलं, तुझा तुकडा मुद्दाम वेगळा काढला म्हणाली. उघडून पाहिलं तर कान. आमच्याकडे कान लहान मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकायला लागावीत म्हणून. मी चाळिशी ओलांडली आहे. मी विचारलं, कोणीच काही बोललं नाही? म्हणाली, नाही, दोन्ही गल्ल्यांचं एकमत होतं.
फार वाईट वाटलं. ती समोर बसून राहिली. मी कान सगळा खाल्ला.