आईनं भाजलेली पाखरं

आष्टी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज आमच्या शाळेत आलेले डॉक्टर सांगत होते, वाळवीची पंखवाली पाखरं पौष्टिक असतात, भरपूर प्रथिनं! हेडसर माना डोलवत होते. मी चौथीत असताना डब्यात आईनं भाजलेली तीच पाखरं बघून याच सरांनी मला वर्गाबाहेर बसवलं होतं. आज मी त्यांच्याच शाळेत शिकवते.

सगळ्यांसमोर विचारलं, "सर, माझा डबा आठवतो का?"

"जुनं कशाला उकरता, मॅडम?" म्हणे हसत. हसत!

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाळंतपणात तुझं रक्त कमी झाल्तं, तवा धरली व्हती मी पाखरं. पण तुला लाज वाटंल म्हणून भाजलीच न्हाईत."